किटमधून इलेक्ट्रिक गिटार: जुळवणी आणि अपग्रेडबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किट मागवलेल्या, अर्धवट बांधलेल्या किंवा बांधून झाल्यावर वैतागलेल्या लोकांकडून जे प्रश्न सतत येत राहतात, ते इथे कामाच्या क्रमाने लावले आहेत. अडनिडे प्रश्न शेवटी आहेत. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. “कोणता पिकअप (तारेची कंपनं पकडणारा चुंबकी भाग) घेऊ?” असं विचारणाऱ्या बऱ्याच जणांची खरी अडचण नट (नेकच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी), फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) किंवा ब्रिजच्या (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) जागेत असते. म्हणून पाचवा आणि पंधरावा प्रश्न घाई न करता वाचा.

१. किटमध्ये काय काय येतं? आणि काय येत नाही?

बॉडी आणि नेक कापून, पोकळ्या कोरून येतात. फ्रेट ठोकलेले असतात आणि ट्रस रॉड (नेकचा बाक कमी-जास्त करणारी सळई) आत बसवलेला असतो. सोबत ट्युनर (तारा ताणायच्या खुंट्या), ब्रिज, पिकअप, पॉट (आवाज आणि टोन कमी-जास्त करायचे फिरते भाग), स्विच, जॅक (केबल घालायची जागा), स्क्रूची पिशवी आणि तारांचा एक सेट मिळतो. रंग, पॉलिश पेपर, सोल्डर आणि गोंद येत नाहीत. मुख्य म्हणजे फ्रेट एका पातळीत आणलेले नसतात आणि नटच्या खाचा पुरेशा खोल नसतात. कारखान्यात ही कामं हाताने करावी लागतात, म्हणून किटमध्ये ती तुमच्यावर सोडलेली असतात. गिटार वाजवायला कशी लागते, हे बहुतांशी याच दोन कामांवर ठरतं.

२. लाकूडकाम कधीच केलेलं नाही. पहिल्यांदा कोणतं किट घेऊ?

स्क्रूने बसणाऱ्या नेकचं आणि न हलणाऱ्या ब्रिजचं, म्हणजे फेंडरच्या टेलिकास्टर गिटारच्या घाटाचं. नेक चुकीचा बसला तर चार स्क्रू काढून पुन्हा बसवता येतो. चिकटवलेला नेक एकदा बसला की बसला (त्यासाठी प्रश्न २१). ट्रेमोलो (दांडीने हलणारा ब्रिज) असलेलं किट दुसऱ्या खेपेला घ्या. त्यात स्प्रिंगांचा ताण आणि तारांचा ताण एकमेकांशी तोलावा लागतो, आणि नवशिक्याला बेसूर नेमका कुठून येतोय ते कळत नाही.

बॉडीला वर नक्षीदार लाकडाचा पातळ पापुद्रा असेल तर सांभाळून. तो इतका पातळ असतो की जोरात घासला तर खालचं लाकूड दिसू लागतं.

३. किटची गिटार ही ‘खरी’ गिटार असते का?

असते. लिओ फेंडरने १९५० साली बाजारात आणलेली भरीव बॉडीची गिटार मुळात सुट्या भागांची जुळवणी म्हणूनच आखलेली होती. बॉडी वेगळी, नेक वेगळा, आणि दोन्ही स्क्रूने जोडलेले. नेक खराब झाला तर बदलून टाकायचा, ही कल्पना पहिल्यापासून त्यात होती. क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने १९६३ साली वडिलांबरोबर घरीच गिटार बांधायला घेतली. तिचा नेक जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाचा आहे आणि ट्रेमोलोत मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा आहेत. तीच गिटार तो आयुष्यभर वाजवत आला. गिटारवादक एरिक क्लॅप्टनची ‘ब्लॅकी’ फेंडरच्याच तीन वेगवेगळ्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचे भाग एकत्र करून बांधलेली होती. किट आणि तयार गिटार यांत फरक पडतो तो जुळवणीला दिलेल्या वेळाने.

४. कोणती हत्यारं लागतातच?

चांगले बसणारे स्क्रूड्रायव्हर, ड्रिल आणि १ ते ३ मिलिमीटरचे बारीक बिट, मिलिमीटरच्या खुणा असलेली लांब स्टीलची पट्टी, ४० वॅट किंवा त्याहून थोडी जास्त ताकदीची सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, सूर दाखवणारा ट्युनर आणि १२० पासून २००० नंबरपर्यंतचे पॉलिश पेपर. नटच्या खाचांसाठी वेगवेगळ्या जाडीच्या छोट्या कानशी आणि फ्रेट गोल करायची कानस ही खास हत्यारं आहेत. पहिल्या गिटारसाठी ती उसनी मिळाली तर उत्तम. तासणी, रंधा, राउटर यांची गरज पडत नाही.

५. पार्सल आलं. आता रंग द्यायला घेऊ?

नाही. आधी सगळी गिटार कोरडी जुळवून पाहा. कच्च्या लाकडावर नेक, ब्रिज, ट्युनर, पिकअप सगळं तात्पुरतं बसवायचं. रंग झाल्यावर ब्रिज ४ मिलिमीटर पुढे असल्याचं लक्षात आलं तर दुरुस्ती नव्या पॉलिशमधून करावी लागते, आणि तिची खूण कायम राहते.

पहिलं माप स्केलचं, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंतच्या तारेच्या लांबीचं. नटच्या फ्रेटबोर्डकडच्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या माथ्यापर्यंतचं अंतर मोजा. ते स्केलच्या बरोबर निम्मं असतं. ६४८ मिलिमीटरची स्केल असेल तर ३२४. आता बाराव्या फ्रेटपासून तेवढंच अंतर पुढे मोजा. पातळ ई तारेचं सॅडल (ब्रिजवरचा, तार जिथे टेकते तो सरकणारा तुकडा) त्या जागी किंवा तिच्या एक-दोन मिलिमीटर मागे आलं पाहिजे, आणि तिथून पुढे-मागे सरकायला त्याला जागा उरली पाहिजे. जाड ई तारेचं सॅडल आणखी तीन-चार मिलिमीटर मागे जातं. हे जमत नसेल तर ब्रिजची भोकं बदलायची वेळ हीच आहे.

दुसरं, तारांची रेघ. दोन लांब दोरे घ्या. नटच्या दोन टोकांच्या खाचांतून ब्रिजच्या दोन टोकांच्या सॅडलपर्यंत ते ताणून धरा आणि शेवटच्या फ्रेटवर दोन्ही बाजूंना कडेपासून किती अंतर उरतं ते पाहा. सारखं हवं. एक दोरा कडेला लागून जात असेल तर वाजवताना तार फ्रेटबोर्डवरून घसरणार. स्क्रूच्या नेकमध्ये बहुतेकदा स्क्रू थोडे सैल करून, नेक किंचित फिरवून पुन्हा आवळला की काम होतं.

तिसरं, पट्टी फ्रेटवर आडवी ठेवून ती ब्रिजपर्यंत न्या. ती ब्रिजच्या सॅडलच्या माथ्याजवळ पोचायला हवी. बरीच वर किंवा खाली गेली तर प्रश्न ६ पाहा.

या तपासण्यांना फार तर एक संध्याकाळ लागते. मी पहिल्या किटला ती दिली नव्हती, आणि त्या गिटारचा ब्रिज आजही दोन भरलेल्या भोकांवर बसलेला आहे.

६. नेक खाचेत सैल बसतो. किंवा बसतच नाही. काय करू?

घट्ट असेल तर आधी बघा, खाचेत रंगाचे किंवा गोंदाचे थेंब आहेत का. लाकूडच जास्त असेल तर सपाट ठोकळ्याला १८० नंबरचा पेपर लावून खाचेच्या भिंती हलक्या हाताने घासा, आणि दर चार फेऱ्यांनी बसवून पाहा. नेक कधीही घासू नका. तो उद्या दुसऱ्या बॉडीत बसवावा लागू शकतो.

बाजूने थोडी फट राहिली तर काळजी नको. स्क्रू नेकला खाचेच्या तळाशी दाबून धरतात, म्हणून तळ सपाट आणि स्वच्छ असणं महत्त्वाचं. फट इतकी मोठी असेल की नेक हलतो, तर एका भिंतीला लाकडाची पातळ चीप चिकटवा. पट्टी ब्रिजच्या फार वर किंवा खाली जात असेल तर तळाशी पूर्ण लांबीची निमुळती लाकडी पाचर घाला. कार्डाचा तुकडाही चालतो, पण पूर्ण तळ व्यापणारी पाचर जास्त वर्षं टिकते.

७. बॉडीच्या लाकडाने आवाज किती बदलतो?

यावर वाद आहेत आणि ते चालू राहतील. पिकअपला तारेची कंपनं कळतात, लाकडाची थेट कळत नाहीत. पिकअपची उंची पाव वळसा बदलली की आवाजातला फरक लगेच कानाला लागतो. किट निवडताना लाकडाकडे वजनासाठी, मऊपणासाठी आणि फिनिशसाठी पाहा. बासवुड मऊ असतं, नखानेही वळ उठतो. मॅहोगनी आणि अॅशची छिद्रं उघडी असतात, म्हणून त्यांना लांबी (छिद्रं बुजवायचा लेप) भरावी लागते. मेपल आणि अॅल्डरला ती लागत नाही.

८. नेकच्या डोक्याला स्वतःचा आकार द्यायचा आहे. कसा?

आधी ट्युनर बसतील तिथे त्यांच्या मागच्या पत्र्यांची जागा पेन्सिलने आखा, आणि भोकांभोवती कमीत कमी ८ मिलिमीटर लाकूड राहील असा आकार काढा. पुठ्ठ्याचा साचा कापून तो ठेवून पाहा. करवतीने रेघेच्या बाहेर कापा, मग कानस आणि पेपरने रेघेपर्यंत या. नटकडचा भाग पातळ करू नका, तिथेच नेक सगळ्यात लवकर मोडतो. आणि डोक्यावर तारेची दिशाही पाहा. नटपासून ट्युनरपर्यंत तार जितकी सरळ जाईल तितका सूर जास्त टिकतो.

९. पॉलिश पेपरने किती घासायचं? आणि लाकडावर फिकट डाग का पडतात?

१२० ने यंत्राच्या खुणा काढा, मग १८०, मग २४०. तेल किंवा रंगाची डाय लावणार असाल तर ३२० वर थांबा. त्याहून बारीक घासलं की लाकूड रंग पीत नाही. सगळं लाकडाच्या रेषेच्या दिशेने, ठोकळ्यावर पेपर गुंडाळून. नुसत्या बोटांनी घासलं तर मऊ जागी खळगे पडतात, आणि चकचकीत फिनिशमध्ये ते आरशासारखे दिसतात.

फिकट डाग गोंदाचे असतात. जोडाच्या रेषेवर सांडलेला गोंद छिद्रांत मुरतो आणि तिथे रंग चढत नाही. कच्च्या लाकडावर ओलं फडकं फिरवलं की हे डाग आधीच दिसतात. तेव्हाच घासून काढा. फडकं फिरवल्याने दुसरा फायदाही होतो. लाकडाचे तंतू उभे राहतात, वाळल्यावर ते हलके घासले की पुढे पाण्याच्या डायने पृष्ठभाग खरखरीत होत नाही.

पडलेला खड्डा घासून काढू नका. ओलं सुती फडकं त्यावर ठेवून गरम इस्त्री टेकवा. वाफेने दबलेले तंतू फुगतात आणि खड्डा बराचसा भरून येतो. तंतू तुटलेले असतील तर मात्र हे काम करत नाही, तिथे लांबीच लागते.

१०. तेल, लॅकर की पॉलीयुरेथेन?

पहिल्या गिटारला पुसून लावायचं तेल. बोटाएवढं फडकं, पातळ थर, दोन-तीन तासांनी कोरडं पुसणं, दुसऱ्या दिवशी ४०० नंबरने हलकं घासून पुढचा थर. आठ-दहा थरांत मऊ चमक येते. ओघळ येत नाहीत, धूळ बसली तर घासून काढता येते, आणि पुढे ओरखडा आला तर तेवढाच भाग पुन्हा तेलाने बरा होतो. संरक्षण मात्र कमी मिळतं. बासवुड तेलाखालीही दबतं.

एक सूचना मी प्रत्येकाला देतो आणि इथेही देतो. जवस तेलाची फडकी चुरगाळून कचऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि ढिगाऱ्यात ती अडकून फडकी आपोआप पेटतात. ती उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून ठेवा.

नायट्रोसेल्युलोज लॅकर पातळ आणि सुंदर होतो, पण तो पूर्ण कडक व्हायला आठवडे लागतात. दमट हवेत फवारला की पांढरट होतो. काही रबरी स्टँडच्या संपर्कात तो वितळूनही निघतो. त्याचा वास आणि वाफा साध्या धूळ-मास्कने थांबत नाहीत. वाफा शोषणाऱ्या कार्ट्रिजचाच मास्क लागतो, आणि जवळपास ज्योत किंवा ठिणगी नको. पाण्यावर आधारलेलं पॉलीयुरेथेन घरच्या कामाला बरं पडतं. दोन भाग मिसळायचं पॉलीयुरेथेन मात्र घरात फवारू नका. त्यातल्या आयसोसायनेटमुळे दम्याचा कायमचा त्रास जडू शकतो.

कोणताही थर देण्याआधी नेकची खाच, पोकळीतलं तांब्याचं आवरण (प्रश्न १४) चिकटणारी जागा आणि ब्रिजच्या भोकांवर टेप लावा. खाचेत थर चढला की तिथला माप-जोख बिघडतो (प्रश्न ६).

११. नेकला आणि फ्रेटबोर्डलाही पॉलिश लागतं का?

मेपलच्या फ्रेटबोर्डला लागतंच, नाहीतर तो काही महिन्यांत मळकट होतो. रोझवूडसारख्या गडद लाकडाला नुसतं तेल पुरतं. नेकच्या पाठीला दोन-तीन पातळ थर द्या. जाड, चकचकीत थरावर हात चिकटतो.

१२. स्क्रू लाकडात तुटला. आता?

कठीण मेपलमध्ये भोक न पाडता स्क्रू आवळला की हे होतं. प्रत्येक स्क्रूला त्याच्या आतल्या दांड्याच्या जाडीचं भोक पाडायचं, थोडं मेण चोळायचं, आणि हातानेच आवळायचं. तुटला असेल तर पकडीने टोक धरता येतं का बघा. नसेल तर पोकळ बिटने भोवतालचं लाकूड कोरून तुकडा काढा, त्या भोकात लाकडी खुंटी चिकटवा, ती सपाट करा आणि पुन्हा भोक पाडा. सैल झालेल्या भोकालाही हाच उपाय.

१३. सोल्डरिंग येत नाही. काय लक्षात ठेवू?

आयर्न ३५० अंश सेल्सियसच्या आसपास, टोक रुंद, सोल्डर रोझिनच्या गाभ्याचं. जोड गरम करा आणि सोल्डर जोडाला लावा. आयर्नला लावून वितळवलेलं सोल्डर थेंब म्हणून पडतं, पण पकडत नाही. पॉटच्या पाठीला जोडणी करताना लोक अडतात. तो धातूचा मोठा तुकडा असतो आणि उष्णता ओढून घेतो. पाठ पेपरने घासून घ्या, आधी तिथे सोल्डरचा पातळ डाग पाडा, तारेच्या टोकालाही तसाच पाडा, मग दोन्ही टेकवून दोन-तीन सेकंदांत जोडा. जास्त वेळ धरलं तर पॉट आतून जळतो. जुन्या पॉटच्या एका तुकड्यावर सराव करणं फार फायद्याचं ठरतं.

१४. सगळं जोडलं, पण आवाजच येत नाही. किंवा सारखी गुणगुण येते.

आधी जॅक पाहा. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. प्लगच्या टोकाला टेकणाऱ्या पट्टीकडे आवाजाची तार आणि बाहेरच्या कड्याकडे ग्राउंड (परतीची तार) यायला हवं. उलटं झालं तर आवाजाऐवजी घरघर येते. प्लग आत घालून पाहा. टोकाची पट्टी तांब्याच्या आवरणाला टेकत असेल तर आवाज पूर्ण बंद होतो. ही चूक डोळ्याला दिसत नाही.

मग पिकअप. अँप (आवाज मोठा करणारं यंत्र) सुरू ठेवून स्क्रूड्रायव्हरने त्याच्या चुंबकावर हळूच टिचकी मारा. टक्‌ असा आवाज आला तर पिकअप जिवंत आहे. मल्टिमीटरवर एका कॉइलचा पिकअप साधारण ५ ते ७ किलोओहम आणि हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) साधारण ७ ते ९ किलोओहम दाखवतो. सिरॅमिक चुंबकाचे जोरदार पिकअप त्याहून जास्तही दाखवतात. आकडाच येत नसेल तर पिकअपची तार तुटली आहे.

गुणगुणीचं निदान गिटारच्या वाजवायच्या तारेला हात लावून होतं. हात लावल्यावर कमी होत असेल तर ग्राउंड ठीक आहे. तुमचं शरीर आणि तारा अँटेनासारखं काम करत होत्या. काहीच फरक पडत नसेल तर ब्रिजची ग्राउंड तार तपासा. ती ब्रिजखाली दाबली जाण्याऐवजी भोकातच राहिलेली असते. हात लावल्यावर वाढत असेल तर कुठेतरी उलट जोडणी आहे. एका कॉइलच्या पिकअपची वीजपुरवठ्याच्या लयीतली हलकी गुणगुण त्याच्या जातीतच आहे. पोकळीला तांब्याचा टेप लावून, त्याच्या सगळ्या तुकड्यांना एकमेकांशी आणि ग्राउंडशी जोडलं की ती बरीच कमी होते, पूर्ण जात नाही.

१५. तारा लावल्या. सेटअप कोणत्या क्रमाने करू?

क्रम बदलला की काम दोनदा करावं लागतं, म्हणून हा क्रम पाळा: सुरात आणणं, नेकचा बाक, नट, तारेची उंची, इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं), पिकअपची उंची. प्रत्येक पायरीनंतर पुन्हा सुरात आणा.

बाक म्हणजे तारेच्या ताणाने नेक पुढच्या बाजूला किंचित वाकतो ती वक्रता. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमधली फट बघा. ०.२ ते ०.३ मिलिमीटर ठीक. पातळ १० नंबरची ई तार साधारण ०.२५ मिलिमीटर जाड असते. तिचा तुकडा फटीत सरकवून पाहा, यंत्र विकत घ्यावं लागत नाही. ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने आवळला की नेक मागे जातो आणि फट कमी होते. एका वेळी आठवा हिस्सा वळसा द्या, थोडा वेळ थांबा, पुन्हा मोजा. जोर लावावा लागत असेल तर थांबा. तार सैल करून आवळणं नेहमी सुरक्षित.

नट तपासताना तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा. पहिल्या फ्रेटवर कागदाएवढी फट हवी. मोठी असेल तर खाच खोल करा. पण थोडं-थोडंच, आणि तारेच्या जाडीच्याच कानशीने. फार खोल गेली तर उघडी तार झणझणते आणि नट नवा बसवावा लागतो. किटच्या नटांत सगळ्यात जास्त सुधारणा इथेच होते. पहिल्या फ्रेटवर कॉर्ड बेसूर लागत असेल तर कारण हेच.

उंची बाराव्या फ्रेटवर मोजा. पातळ तारेला १.५ ते १.६ मिलिमीटर आणि जाड तारेला २ मिलिमीटर इतकी असेल तर बहुतेकांना सोयीची वाटते. झणझण आली तर उंची वाढवत बसू नका, आधी प्रश्न १६ वाचा.

इंटोनेशनसाठी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्युनरवर पाहा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, म्हणजे नटपासून दूर. उतरलेला असेल तर पुढे. नवीन तारांवरच हे करा. जुन्या तारांवर कधीच जुळत नाही. सॅडल शेवटाला पोचूनही जमत नसेल तर प्रश्न १७.

शेवटी पिकअप. शेवटचा फ्रेट दाबून जाड तारेखाली सुमारे २.५ आणि पातळ तारेखाली सुमारे २ मिलिमीटर ठेवून सुरुवात करा, मग कानाने. एका कॉइलचे पिकअप जवळ आणले तर चुंबक तारेला ओढतो आणि सूर लहरत राहतो. तो बेसूर वाटतो, पण ट्युनिंगचा दोष नसतो.

१६. ठरावीक फ्रेटवर तार झणझणते. फ्रेट घासावेच लागतील का?

एका-दोन फ्रेटपुरतं असेल तर आधी त्या फ्रेटच्या टोकांवर लाकडी काठीने टिचकी मारा. पोकळ आवाज आला तर फ्रेट वर उचललेला आहे. तो हलक्या हाताने दाबून, खाली पातळ सायनोअॅक्रिलेट गोंदाचा थेंब सोडला की काम होतं. आजूबाजूला मास्किंग टेप लावा.

उंच फ्रेट शोधायला तीन फ्रेट झाकेल एवढी सरळ पट्टी ठेवा आणि हलवा. डुलली तर मधला उंच आहे. बऱ्याच जागी डुलत असेल तर सगळेच फ्रेट पातळीत आणावे लागतात: तारा काढून नेक अगदी सरळ करा, फ्रेटच्या माथ्यांना मार्कर लावा, लांब सपाट पट्टीला ३२० नंबरचा पेपर लावून घासा, आणि प्रत्येक फ्रेटवरची शाई गेली की थांबा. मग गोल करायच्या कानशीने माथे पुन्हा गोल करा आणि ४०० पासून २००० पर्यंत चमकवा. यात घाई केली तर फ्रेट कायमचे बुटके होतात. माझ्या मते किटवर करण्यासारखं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे. बाजारातला कोणताही भाग याची भरपाई करत नाही.

स्टीलच्या लोकरीने चमकवणार असाल तर पिकअप आधी झाका. तिचे बारीक तुकडे चुंबकाला चिकटतात आणि आत शिरतात.

१७. सॅडल शेवटपर्यंत सरकवूनही इंटोनेशन जुळत नाही.

ब्रिजची जागा चुकली आहे. पाचव्या प्रश्नातलं माप पुन्हा घ्या. एखादी जाड तारच अडत असेल तर सॅडलच्या मागची स्प्रिंग आखूड कापून पाहा, किंवा सॅडल उलटं बसतं का पाहा. सगळ्या तारा अडत असतील तर ब्रिज हलवायलाच हवा. जुनी भोकं लाकडी खुंट्यांनी भरा, नवी आखून पाडा.

१८. सूर टिकत नाही. ट्युनर बदलू का?

बहुतेकदा दोष नटच्या खाचेचा असतो. सुरात आणताना टिंग असा आवाज येत असेल तर तार खाचेत अडकते आणि सुटते. पेन्सिलचं शिसं खाचेत घासून पाहा. फरक पडला तर नट नीट घासायचा किंवा हाडाचा बसवायचा. त्यानंतर तार ट्युनरवर किती वळसे गुंडाळली आहे ते बघा. सात-आठ वळसे असतील तर सैल वळसे हळूहळू आवळत राहतात आणि सूर उतरतो. दोन-तीन पुरेत. ट्युनरचा क्रम यानंतर.

१९. अपग्रेड कोणत्या क्रमाने करू? आणि पिकअप आधी का नाही?

सेटअप, नट, फ्रेट, मग ट्युनर, मग स्विच, जॅक आणि पॉट, मग पिकअप, शेवटी ब्रिज. पिकअप तारेचा आवाज वाहून नेतो. तार नटमध्ये अडकत असेल आणि फ्रेटवर खरखरत असेल तर महागातला पिकअप तीच खरखर जास्त स्वच्छ ऐकवतो. स्विच आणि जॅक आधी घ्यायचं कारण साधं आहे. किटमध्ये सगळ्यात आधी हेच बिघडतात.

पॉट घेताना माप बघा. एका कॉइलच्या पिकअपला २५० किलोओहम, हंबकरला ५०० किलोओहम अशी प्रथा आहे. कमी रोधाचा पॉट वरचे सूर जास्त गिळतो. आवाज बोथट वाटत असेल तर ५०० लावून बघा, टोचत असेल तर २५०. कपॅसिटर ०.०२२ किंवा ०.०४७ मायक्रोफॅरड. त्याचा फरक टोन बराच खाली केल्यावरच ऐकू येतो.

२०. नवीन भाग किटमध्ये बसतील ना? आणि दोन पिकअप एकत्र लावले की आवाज पातळ का होतो?

बसेलच असं गृहीत धरू नका, मोजून मगच घ्या. ट्युनरचं भोक १० मिलिमीटरचं आहे की जुन्या पद्धतीचं त्याहून लहान. ट्रेमोलोच्या स्क्रूंमधलं एकूण अंतर ५२.५ आहे की ५६ मिलिमीटर. पॉटचं भोक लहान आकाराच्या पॉटचं आहे की पूर्ण आकाराच्या, ज्याला सुमारे ९.५ मिलिमीटर लागतं. बॉडीची जाडी फार महत्त्वाची. मूळ स्ट्रॅटोकास्टर सुमारे ४४ मिलिमीटर जाड असते, किट बऱ्याचदा त्याहून पातळ असतं, आणि ट्रेमोलोखालचा धातूचा पूर्ण उंचीचा ठोकळा मागून बाहेर येतो. नॉबही पॉटच्या दांड्याच्या दातांप्रमाणे वेगळे असतात.

पातळ, नाकातल्यासारखा आवाज म्हणजे दोन पिकअपच्या कंपनांची दिशा एकमेकांविरुद्ध आहे. दोन तारांच्या पिकअपमध्ये त्यातल्या एकाच पिकअपच्या दोन तारा अदलाबदल करा. पण पिकअपच्या धातूच्या झाकणाला किंवा तळपत्र्याला ग्राउंड तार जोडलेली असेल तर ती आधी वेगळी करावी लागते, नाहीतर झाकणच गरम बाजूला जोडलं जाऊन गुणगुण सुरू होते. चार तारांच्या हंबकरमध्ये रंगांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, त्यामुळे कंपनीचाच आराखडा पाहा.

२१. चिकटवायच्या नेकचं किट आहे. वेगळी काळजी कोणती?

कोरडी जुळवणी इथे दुप्पट काटेकोर करा. उभ्या खांबांवरचा ब्रिज असेल तर फ्रेटवर ठेवलेली पट्टी ब्रिजच्या माथ्याच्या किंचित वर यावी, म्हणजे ब्रिज थोडा वर-खाली करायला वाव उरतो. कोन कमी पडत असेल तर नेकच्या टाचेचा तळ तासायचा, एका वेळी कागदाच्या जाडीएवढा. तारांची रेघ दोऱ्यांनी पाहा. खाच आणि टाच दोन्हीकडे कच्चं लाकूड हवं, कारण फिनिशवर गोंद धरत नाही. लाकडाचा साधा पांढरा किंवा पिवळा गोंद वापरा. इपॉक्सीने जोडलेला नेक पुढे कधी काढावा लागला तर फार त्रास होतो. शिकंज्याखाली लाकडी ठोकळे ठेवा, आवळल्यावर दोऱ्यांची रेघ पुन्हा तपासा (गोंद ओला असताना नेक घसरतो), आणि पूर्ण दिवसभर हात लावू नका.

२२. नेक पिळलेला आला. सरळ होईल का?

ट्रस रॉड पुढे-मागे बाक सुधारतो, पीळ नाही. नेकच्या टोकाकडून बॉडीकडे नजर टाका. नटची रेघ आणि शेवटच्या फ्रेटची रेघ समांतर दिसायला हव्यात. थोडा पीळ फ्रेट पातळीत आणताना जिरवता येतो. जास्त असेल तर कोणतंही काम सुरू न करता, लाकडाला पेपर न लावता, नेक बदलून मागा. एकदा रंग चढवला किंवा आकार कापला की विक्रेते बहुधा बदलून देत नाहीत.